गाणी लिहिणाराच चाललाय, तर पहिला अल्बम काढावा का? डिपेश मोड ऐकणाऱ्यांना प्रश्न

शहापूर_सिंथ

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, बेळगावातल्या शहापूर-खासबाग भागातले. गिटार नाही, ड्रमसेट नाही. तिघं कीबोर्डवर आणि गायला मी. सामान म्हणजे कॉर्ग मोनोलॉग नावाचा एक सिंथ (सिंथेसायझर), घरातला जुना यामाहा पीएसआर, एका ऑर्केस्ट्रावाल्यानं विकायला काढलेला रोलँड एक्सपी-३० आणि लॅपटॉप. गाणी मराठी. एका गाण्यात मध्येच कन्नड ओळ आली, ती तशीच ठेवलीय. गणपतीत गल्लीतल्या मंडपात वाजवलं तर लोक विचारायला लागले, डीजे कधी लावणार. असो.

अडचण अशी की आमची आठ गाणी तयार आहेत. त्यातली सहा एकानंच लिहिलीत, चाली पण त्याच्याच. आणि तोच दिवाळीनंतर पुण्याला नोकरीला चाललाय. भांडण काही नाही. नोकरी नसती तरी तो फार काळ टिकला असता असं वाटत नाही, कारण स्टेजवर उभं राहायचं म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. खोलीत बसून मशीनशी खेळायचं एवढंच त्याला आवडतं.

घरचे म्हणतात, तो गेल्यावर आता कसला अल्बम? एका मित्रानं सांगितलं की डिपेश मोड या इंग्लंडच्या सिंथ बँडच्या पहिल्या अल्बमच्या वेळी असंच झालं होतं, 'स्पीक अँड स्पेल'. मी त्यांची नंतरची गाणी ऐकलीत, ती काळोखी वाली. हा अल्बम आत्ता ऐकला तर वेगळाच बँड वाटला, अगदी टुणटुण उड्या मारणारा. तो कसा केला, तेव्हा लोकांनी कसा घेतला आणि नंतर त्याचं काय झालं, हे कुणी नीट सांगेल का? आणि आमच्याबद्दल पण सांगा. आत्ता काढू का थांबू?

आमची खोली कापड विणायच्या मागाच्या शेडला लागून आहे. दिवसभर खटखट. तेही लक्षात घ्या.

निपाणीकर

थांबा. पहिला अल्बम म्हणजे लोकांना तुमची ओळख. ज्याच्या डोक्यातून ती ओळख आली तोच उद्या नसणार, मग दुसऱ्या वेळी लोक म्हणणार हे ते नव्हेतच. डिपेश मोडला ते 'टुणटुण' पुसायला वर्षं लागली. अजून काही जण त्यांना त्यातल्या 'जस्ट कान्ट गेट इनफ' या एका गाण्यावरून ओळखतात. उरलेल्या तिघांनी आधी स्वतःची गाणी करावीत, मग काय ते काढावं.

जुना_ऑर्केस्ट्रा

तम्मा, निपाणीकर माणूस चांगला आहे, पण त्यांना प्रत्येक गोष्ट दहा वर्षांनी आवडते. मी सांगतो ते ऐक. लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

मी आधी पेटी शिकलो, मग ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. बेळगाव, गडहिंग्लज, निपाणी, गोव्यातल्या जत्रा आणि लग्नं. हा अल्बम मला मिळाला तो म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, कॅसेटवर. कव्हर झेरॉक्स केलेलं. मूळ फोटो ब्रायन ग्रिफिनचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला हंस. झेरॉक्समध्ये तो हंस आहे हे कळायची सोय नव्हती, मला ते पावसात भिजू नये म्हणून झाकून ठेवलेलं पोतं वाटलं होतं. खरा फोटो बघितला तरी फारसा फरक पडत नाही म्हणा.

आता त्या पोरांचं. बेसिल्डन हे लंडनच्या पूर्वेला, एसेक्समधलं, दुसऱ्या महायुद्धानंतर आखून वसवलेलं गाव. चौघं १९ ते २१ वर्षांचे. व्हिन्स क्लार्क गाणी लिहायचा, मार्टिन गोर बँकेत कारकून, अँडी फ्लेचर विमा कंपनीत. डेव्ह गहान सगळ्यांत शेवटी १९८० मध्ये आला, गायला. फेब्रुवारी १९८१ मध्ये पहिली सिंगल, म्हणजे एका गाण्याची तबकडी, आली तेव्हा गोर आणि फ्लेचर नोकरीच करत होते. तुझ्या घरच्यांना एवढं सांग.

त्यांच्या नशिबात डॅनियल मिलर होता. म्यूट रेकॉर्ड्स ही त्याची कंपनी. कंपनी कसली, तो एकटाच. १९७८ मध्ये स्वतःची सिंगल स्वतः काढायला त्यानं ती सुरू केली. मजा बघ, १९८० मध्ये त्यानं 'सिलिकॉन टीन्स' नावाच्या बँडचा अल्बम काढला. चार तरुण पोरं, फक्त सिंथ वाजवणारी. पण ती पोरं नव्हतीच, सगळं मिलर एकटा करत होता, नावं बनावट. त्याच वर्षाच्या अखेरीला लंडनच्या कॅनिंग टाउन भागात ब्रिज हाऊस नावाच्या पबमध्ये त्याला बिअरच्या क्रेटवर सिंथ मांडून वाजवणारी खरीखुरी पोरं दिसली. म्हणजे बँड आधी याच्या कल्पनेत आला आणि मग बेसिल्डनहून चालत आला. करार काही नाही, कागद नाही. खर्च वजा जाता नफा निम्मा निम्मा, एवढ्या बोलीवर हात मिळवला. मोठ्या कंपन्या पैसे घेऊन मागं लागल्या होत्या, तरी ही पोरं मिलरकडंच राहिली.

रेकॉर्डिंग ब्लॅकविंग स्टुडिओत. युद्धात बॉम्ब पडून मोडलेलं लंडनमधलं एक चर्च, पूजाअर्चा बंद झालेलं, त्यात एरिक रॅडक्लिफनं स्टुडिओ थाटलेला. तुझ्या मागाच्या शेडपेक्षा शांत असणार एवढंच.

आणि आता कामाची गोष्ट. त्या पोरांचे सिंथ एकसुरी होते, एका वेळी एकच पट्टी वाजणार. तीन पट्ट्या एकदम दाबल्या तरी आवाज एकीचाच. मिलरकडं एआरपी २६०० नावाचा सिंथ होता आणि त्याचा सिक्वेन्सर. त्यात सुरांची रांग लावून ठेवायची, मशीन ती घड्याळासारखी वाजवत राहणार. असल्या मशीनवर ढोल पण करता येतो. खालचा सूर घ्यायचा आणि तो क्षणात आणखी खाली पाडायचा, झाला 'धम्'. नुसता सूं आवाज घेऊन कापला की 'छक्'. सँपल म्हणजे आधी रेकॉर्ड केलेला आवाज नाही, तयार बटण नाही. एकेक आवाज असा कोरायचा, टेपवर घालायचा, मग पुढचा.

कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकदम, येत नाही, मग काय करायचं? चार ओळी एकमेकींत गुंफायच्या, अशा की मिळून कॉर्ड ऐकू यावी. आणि प्रत्येक ओळ एकटी गुणगुणता आली पाहिजे, नाहीतर ती उघडी पडते. 'जस्ट कान्ट गेट इनफ'ची सुरुवातीची धून आठव. त्यातला कुठलाही थर काढून एकटा वाजव, स्वतंत्र चाल निघते. पेटीवर बसलेल्या माणसाला हे लगेच कळतं. आपल्याकडं सगळा खेळ एका सुरावळीचाच आहे, कॉर्ड आपण नंतर उसनी आणली. रामभाऊ विजापुरे यांची पेटी ज्यांनी या गावात बसून ऐकलीय त्यांना एका ओळीत किती मावतं ते मी सांगायला नको. म्हणून मला हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा परका वाटला नाही, उलट आमच्या ऑर्केस्ट्रातलं दोन्ही हातांनी भरून टाकलेलं वाजवणं परकं वाटायला लागलं.

अकरा गाणी, नऊ व्हिन्सची. सगळी चांगली नाहीत. 'व्हॉट्स युअर नेम' मला आजही सहन होत नाही, त्यापेक्षा लोंढ्याला गाडी बदलायला बसलेलं बरं. 'न्यू लाइफ' पहिलं ठेवलंय ते बरोबर. 'फोटोग्राफिक' तर वेगळ्याच जातीचं, थंड आणि धावतं. हे गाणं त्यांचं सगळ्यांत आधी बाहेर आलेलं, सम बिझार या लेबलच्या मिश्र अल्बमवर, अल्बमसाठी पुन्हा केलं.

लोकांनी कसं घेतलं विचारतोस. पायरी पायरीनं. फेब्रुवारी १९८१ ची पहिली सिंगल 'ड्रीमिंग ऑफ मी' ब्रिटनच्या खपाच्या यादीत ५७ वर. जूनमध्ये 'न्यू लाइफ' ११ वर. तेव्हा टीव्हीवर टॉप ऑफ द पॉप्सला बोलावलं तर सिंथ काखेत मारून आगगाडीनं गेले. सप्टेंबरात 'जस्ट कान्ट गेट इनफ' ८ वर. ऑक्टोबरात अल्बम, १० वर. तिकडच्या पॉप मासिकांनी बहुतेक कौतुकच केलं. अमेरिकेत १९२. तिकडं एक गाणं काढून त्या जागी 'ड्रीमिंग ऑफ मी' घातलं, तरी काही हललं नाही.

आणि हे सगळं रंगात आलेलं असताना व्हिन्स म्हणाला, मी चाललो. त्याला दौरे, मुलाखती, फोटो, काहीच नको होतं. तुझा पोटात गोळावाला तोच. पण बघ, ऑक्टोबर-नोव्हेंबरातला इंग्लंडचा दौरा त्यानं पुरा केला. वर्ष संपायच्या आत जाहीर झालं.

आता मुद्द्यावर ये. नऊ त्याची, मग उरलेली दोन कुणाची? गोरची. एक 'टोरा! टोरा! टोरा!' आणि दुसरं 'बिग मफ', त्यात तर शब्दच नाहीत. त्या वेळी कुणाला विचारलं असतं तर म्हणाला असता, अल्बम भरायला घातलीत. पण 'टोरा' नीट ऐक. पुढची चाळीस वर्षं हा बँड ज्या काळोखात राहिला त्याचा दरवाजा तिथं उघडा आहे. आणि जानेवारी १९८२ मध्ये गोरचं 'सी यू' आलं, पोरवयात लिहून ठेवलेलं. ते ६ वर गेलं, म्हणजे व्हिन्सच्या तोवरच्या कुठल्याही गाण्यापेक्षा वर.

म्हणून माझा प्रश्न तुला असा, की तुमच्या आठातली उरलेली दोन कुणाची? त्या माणसाशी बोल. पुण्याला जाणाऱ्याचं काय करायचं हे त्यानंतर.

काढायचा का? काढ. आत्ता काढ. तो इथं आहे तोवर. पण करताना एवढं कर. पीएसआरची स्टाइल, म्हणजे त्यातला तयार ठेका, बंद, ऑटो बास बंद, लग्नाची सवय बंद. प्रत्येक ओळ वेगळ्या ट्रॅकवर आणि कोरडी घ्या, इको-बिको नंतर. त्याच्या सिक्वेन्सच्या फायली सगळ्यांकडं ठेवा. मोनोलॉगमध्ये आवाज सेव्ह होतात ते ठीक, तरी पण त्याच्याकडून शिकून घ्या तो कुठला खुंटा का फिरवतो. आमच्यात एक अ‍ॅकॉर्डियनवाला होता, तो दुबईला गेला तसे त्याच्याबरोबर निम्मे इंट्रो गेले. कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मागाची काळजी सोड. सिंथची वायर थेट मशीनमध्ये जाते, तिथं माग काय, जत्रेतला पाळणा चालू असला तरी फरक नाही. शांतता लागते फक्त गळ्याला. तेवढं दुसरीकडं कर. कुणीतरी हुशार येऊन सांगेल, मागाचा आवाज गाण्यात घाला, मातीचा वास येईल. नको. तेवढ्यानं गाणं शहापूरचं होत नाही.

निपाणीकर

ऑर्केस्ट्रा साहेब, चहा संपला, तुमचं संपेना.

'सी यू' ६ वर गेलं हे बरोबर. पण त्यानंतरचा अल्बम 'अ ब्रोकन फ्रेम' ऐका. निम्मं व्हिन्सची नक्कल, निम्मं चाचपडणं. अ‍ॅलन वाइल्डर हा कीबोर्डवाला आला आणि १९८३ मध्ये 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन' झाला, तिथून खरा बँड सुरू होतो. म्हणजे पहिल्या अल्बमनं एक सावली टाकली आणि त्यातून बाहेर पडायला दोन वर्षं आणि एक नवा माणूस लागला. यांच्याकडं मिलर कुठाय? वाइल्डर कुठाय? खासबागला जाहिरात देऊन मिळतो का?

दुसरं उदाहरण देतो. ह्युमन लीग. इंग्लंडातल्या शेफिल्डचा सिंथ बँड. १९७९ चा पहिला अल्बम 'रिप्रॉडक्शन' आला तेव्हा यादीत कुठंच नव्हता. १९८० मध्ये मशीनवाले दोघं, मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श, बाहेर पडले आणि हेवन १७ काढला. नाव राहिलं गाणाऱ्याकडं. सगळे म्हणाले हा आता संपला. त्यानं नवी माणसं घेतली आणि १९८१ मध्ये 'डेअर' पहिल्या क्रमांकावर. तिथं जुनी ओळख कुणाच्या डोक्यातच नव्हती म्हणून नवी बसली. माझं म्हणणं एवढंच.

जुना_ऑर्केस्ट्रा

निपाणीकर, 'रिप्रॉडक्शन' काढला नसता तर त्यांच्या गाणाऱ्या फिल ओकीला गाता येतं हे तरी कुणाला कळलं असतं? तुमचं उदाहरण माझ्याच बाजूनं बोलतंय.

'अ ब्रोकन फ्रेम' चाचपडणारा आहे, मान्य. तोही ८ वर गेला, तेही मान्य करा. आणि व्हिन्सचं काय वाईट झालं? त्याच एरिकच्या स्टुडिओत बसून त्यानं अ‍ॅलिसन मॉयेट या गायिकेबरोबर याझू हा बँड काढला, १९८२ मध्ये 'ओन्ली यू' दुसऱ्या क्रमांकावर. अल्बमचं नावच 'अपस्टेअर्स अ‍ॅट एरिक्स'. दोन्ही बाजू म्यूटकडंच राहिल्या. भांडण नसलं की असं होतं. पुण्याला गेलेला पोरगा तिथून गाणं पाठवू शकतो की, गाडी रोज आहे.

आणि पाचवा अल्बम ऐकून पहिल्याला हलका म्हणायची जी रीत पडलीय ना, ती मला पटत नाही. पुढं काय होणार हे त्या पोरांना ठाऊक नव्हतं. १९८१ च्या मशीनवर, एका वेळी एका सुरात, याहून नेटकं कुणी केलंय ते दाखवा. स्वतः बँडवाले पुढं त्या अल्बमपासून जरा अंतर राखूनच राहिले, पण २०२३ च्या दौऱ्यातसुद्धा शेवटाकडं 'जस्ट कान्ट गेट इनफ' वाजवतच होते. लोक नाचतात म्हटल्यावर काय करणार.

खानापूर_लोंढा

सगळे बेसिल्डन-शेफिल्डला जाऊन बसलात. मुंबईचं कुणी बोलेना.

चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार, बास वाजवणारा माणूस. १९८२ मध्ये रोलँडचा ज्युपिटर-८ सिंथ, टीबी-३०३ हे बासचं मशीन आणि टीआर-८०८ हे ठेक्याचं मशीन घेऊन बसला आणि दहा रागांचा अल्बम केला, खाली डिस्कोचा ठेका. भैरव, बैरागी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे राग. एचएमव्हीनं काढला. कुणी विचारलं नाही. पुढं हॉलंडच्या एका संग्राहकाला तो जुन्या तबकड्यांत सापडला, २०१० मध्ये पुन्हा निघाला, आणि तिकडचे लोक डोकं धरून बसले, कारण शिकागोच्या अ‍ॅसिड हाऊस या नाचाच्या संगीतात टीबी-३०३ चा जो आवाज १९८७ च्या सुमारास गाजला तो या माणसानं आधीच करून ठेवलेला. म्हातारपणी युरोपात जाऊन वाजवून आला. २०१५ मध्ये गेला.

सांगायचं कारण, लोक कसं घेतील यावर ठरवायचंच असेल तर कुठल्या वर्षातले लोक? तीस वर्षं थांबायची तयारी असेल तर निपाणीकर पण खूश.

मालकंस ऐका रात्री. खाली ती बासची ओळ सरपटत असते आणि वर राग आपल्या जागेवरून हलत नाही.

जुना_ऑर्केस्ट्रा

खानापूर, बरं आठवण केलीत. फरक एवढाच की तो अल्बम एकट्याचा, तिथं कुणी सोडून जायचा प्रश्न नव्हता. पण एक गोष्ट सारखी. टीबी-३०३ पण एकसुरीच. एक ओळ, ती पण घसरत जाणारी. मींड येते त्यात. आपल्या माणसाला ते दिसलं. म्हणून सांगतो, मोनोलॉगला कमी समजू नकोस. तुमच्या तीन कीबोर्डांतला तोच खरा.

शहापूर_सिंथ

सगळ्यांना धन्यवाद. काकांचं वाचताना गाणी लिहिणारा शेजारीच बसला होता. 'व्हिन्स मीच' म्हणत नाचला आणि मग 'तोरा कोण?' म्हणून विचारलं.

उरलेली दोन आमच्यातल्या एकीची आहेत, एक्सपी-३० वाजवणारीची. खरं सांगायचं तर ती दोन आम्ही शेवटी ठेवली होती, एक तर काढायचाच विचार होता कारण संथ आहे. ती आत्ता म्हणाली की माझ्या वहीत अजून चार आहेत, कुणी विचारलं नाही म्हणून दाखवली नाहीत. आम्ही सगळे गप्प.

निपाणीकर दादा, तुमचं पण डोक्यात आहे. म्हणून असं ठरवलंय की सहा त्याची आणि दोन तिची, आठही घ्यायची, आणि तिचं एक गाणं सुरुवातीला बाहेर सोडायचं. म्हणजे लोकांना आधीपासून दोन्ही माहीत.

काका, दोन शंका. एक, पैसे-बिसे मिळतील असं नाही, पण गाणी कुणाच्या नावावर हे कसं लिहायचं? त्यांनी तर हातावर हात मारून काम केलं म्हणता. दुसरं, गळ्यासाठी शांत जागा कुठं मिळेल? शहरात एका ठिकाणी विचारलं तर तासाचा दर ऐकूनच परत आलो.

जुना_ऑर्केस्ट्रा

हातावर हात मारला तो कंपनीशी. गाणं कुणाचं हे तिथं पण छापलेलं होतं, क्लार्क म्हणजे क्लार्क, गोर म्हणजे गोर. 'जस्ट कान्ट गेट इनफ' पुढं दुसऱ्यांनी गायलं, फुटबॉलच्या मैदानात लोक ओरडतात, तरी लिहिणारा म्हणून नाव व्हिन्सचंच, बँड सोडला तरी. तुम्ही एका कागदावर आठ नावं लिहा. गाणं, शब्द कुणाचे, चाल कुणाची, तारीख, चौघांच्या सह्या. शब्द आणि चाल वेगवेगळ्यांची असेल तर तसं लिहा. आपल्याकडं २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्यानं राखलेला आहे, आणि आयपीआरएस म्हणून गीतकार-संगीतकारांची संस्था आहे तिथं सभासद होता येतं. ते सावकाश करा. कागद मात्र तो गाडीत बसायच्या आधी.

ती संथवाली काढू नका. 'एनी सेकंड नाऊ' पण संथच होतं आणि ते गोरनं गायलंय, मुख्य गायक म्हणून त्याचा आवाज लोकांनी पहिल्यांदा ऐकला तो तिथं. तिलाच गायला लाव.

आणि वहीतली चार मला ऐकव म्हणावं.

निपाणीकर

तिचं गाणं आधी सोडणार असाल तर माझी हरकत मागं. एवढंच हवं होतं.

पण नाव काय ठेवलंत बँडचं ते अजून सांगितलं नाही.

शहापूर_सिंथ

नावावरूनच खरं भांडण आहे दादा, ते विचारू नका. त्यासाठी वेगळा धागा काढतो.

जुना_ऑर्केस्ट्रा

जागेचं. टिळकवाडीत माझ्या घरी मागची खोली आहे, गाद्या-रजयांनी भरलेली, आवाज घुमत नाही. रेल्वे लाइन जवळ आहे, गाडी आली की थांबायचं, बाकी शांत. रविवारी दुपारी या चौघं. माइक माझ्याकडं आहे. मोनोलॉगचा अडॅप्टर आणा, माझ्याकडचा बसत नाही त्याला. आणि जेवून येऊ नका, इथंच जेवा, घरात सांगून ठेवलंय.